तळातलं तेल

"मामा, हाताला लकवा मारलाय काय? यो नको. नको बोलतंय ना मी! वरचा वता, वरचा."

"अगो, देवीच्या दिव्याला पायजे बोललीस ना? मंग तलातलाच ने. नितल तेल डोक्याला लाव, फोडनीला घाल. दिवा काय चाखून बघतंय?"

"दिवा नाय चाखत. देवी बघतंय."

"देवीला डोले हायत?"

"तुमच्या बैलापरास बरे हायत. त्याच्या डोल्यांवर तुमी झापडा बांधलीत. देवीच्या डोल्यांवर अजून कोनी बांधली नाय."

एलोजी वाकरुळकर हसला, पण हात थांबला त्याचा. पोशीबाय आगरीण दारात उकिडवी बसली होती. पुढ्यात दोन भांडी. एक घासून लखलखीत केलेला पितळी तांब्या, एक गंजका डबा. खोबरं तिचं, घाणा एलोजीचा. गाळल्यावर तेल चार दिवस मडक्यात निवळत ठेवलं होतं, गाळ खाली बसला होता. पेंड एलोजीला राहायची आणि तेल पोशीनं न्यायचं, असा कारभार तिच्या सासूपासून चालत आलेला. एलोजीनं मडकं कलतं करून वरचं स्वच्छ तेल डब्यात सोडलं, तळचं गढूळ तांब्यात. कुणीही असंच केलं असतं. तांब्या देवीच्या देवळात रिकामा व्हायचा होता आणि डबा घरात राहायचा होता.

पोशीनं दोन्ही परत मडक्यात ओतायला लावलं. मडकं परत निवळू दिलं, तांब्यापुरतं वरचं नितळ होईतो दुपार तिथंच काढली. मग तांब्यात नितळ आणि डब्यात गढूळ.

"आनि यो गढूल?" एलोजीनं विचारलं.

"मना. माज्या केसांना काय कलतंय?" तांब्यावर फडकं बांधता बांधता तिनं मान वर केली. "तुमी तुमच्या दिव्याला कंचा घालता वो मामा?"

"घालतो आमी आमचा," एलोजी म्हणाला आणि बैलाला वैरण टाकायला उठला. वैरण मघाशीच टाकली होती.

खारवलीत आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, चाळीसेक घरं. त्यातल्या नऊ घरांत घाणे. शुक्रवारी दिवस कलला की नऊच्या नऊ घाणे थांबत. शनिवारी बैल सावलीत रवंथ करी आणि तेली पांढरी टोपी घालून मशिदीत जाई, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणे. आमच्या प्रार्थनेच्या जागेलाही आम्ही आणि गाव मशीदच म्हणत असू. मुसलमानांची वेशीपाशी, आमची तळ्यापाशी, आणि दोन्हीकडच्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. साल चौतीस-पस्तीसचं असेल.

एलोजी तेव्हा पन्नाशीला टेकलेला. रुंद पाठीचा, आखूड मानेचा; घाण्याच्या फेऱ्याबरोबर चालून चालून सपाट वाटेवरही जरा डावीकडे झुकून चालणारा. अंगाला खोबरेलाचा वास, तो आंघोळीनं जात नसे. इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरं त्याला बापानं घोकून दिलेली. वाचे खडखडीत, अर्थ मात्र समजत नसे. तो दहातल्या नऊ जणांना समजत नसे, त्यामुळे कुणाला लाज नव्हती.

या घराला एक मान होता. मशिदीत पोथीच्या कपाटापुढं जो दिवा अखंड जळतो, त्याचं तेल वाकरुळकरांचं. आज्यानं मिळवलेला मान. दर शुक्रवारी उन्हं उतरली की एलोजी तेलाची लोटी घेऊन जाई, स्टुलावर चढे, काचेचा पेला उतरवी, खाली पाणी, वर तेल, त्यावर तरंगती वात. गावातल्या दुसऱ्या कुणाला त्या पेल्याला हात लावता येत नसे. आमच्या जमातीचे मुकादम रहमीनजी, त्यांचा घाणा दोन बैलांचा, पण दिवा एक बैलवाल्याकडं, हे त्यांच्या पोटात सलायचं, आणि ते सलतंय म्हणून एलोजीची छाती थोडी जास्त रुंद व्हायची.

आता घरातली रीत अशी. कपाटाच्या वरच्या फळीवर चिनी मातीची बरणी. तिच्यात पहिलं, सगळ्यात नितळ. ते मामलेदाराच्या घरी जाई. मधल्या हंड्यातलं विकायला. आणि भिंतीशी एक काळं मडकं, त्यात सगळ्या भांड्यांचे तळ ओतायचे. लोटी भरायची ती या मडक्यातून. असं करावं म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. बाप भरी तसा मुलगा भरी. दिवा जळायचा, थोडा फडफडायचा, थोडा धूर करायचा. कुठल्या दिव्याला धूर नसतो?

त्या आठवड्यात शनिवारी एलोजीच्या बापाची पुण्यतिथी येत होती. ज्याच्या बापाचा दिवस, त्यानं नबीचा, म्हणजे जुन्या संदेष्ट्याचा, उतारा वाचायचा. आणि कोचीहून नवे हझान, प्रार्थना चालवणारे, आल्यापासून त्यात एक भर पडली होती. वाचून झालं की त्यानंच उताऱ्यातल्या मुख्य वचनाचा अर्थ चार वाक्यांत मराठीत सांगायचा. नफ्ताली हझान अंगानं काटकुळे आणि स्वभावानं चिवट. त्यांचं मराठी कोचीहून बोटीतून आलं होतं, वाटेत थोडं भिजलेलं.

"एलोजी, तुम्ही वाचणार. मग सांगणार. सगळे ऐकणार," त्यांनी सांगितलं होतं आणि वचनही नेमून दिलं होतं. आमच्या पोथीतल्या शेवटच्या नबीचं. सूर्य उगवतो तिथपासून मावळतो तिथवर, राष्ट्राराष्ट्रांत माझं नाव मोठं आहे. ठिकठिकाणी माझ्या नावानं धूप जळतो आणि चोख अर्पण येतं, असं देव म्हणतो.

एलोजी खूश झाला होता. सोपं वचन. त्यानं घाण्यामागं फिरता फिरता भाषणच जुळवलं. आपला देव केवढा! आपली माणसं पलटणीत ब्रह्मदेशात गेली, तिकडं त्याचं नाव. भाऊ एडनला रेल्वेत आहे, तिकडं त्याचं नाव. बसरा, कराची, मुंबई. मुकादमाला ऐकवायचं एक वाक्यही जुळलं होतं, की देवाला दोन बैल लागत नाहीत.

बुधवारी हे सगळं त्यानं हझानांना म्हणून दाखवलं. हझानांनी दाढी खाजवली.

"नाही. आपली माणसं नाही म्हटलं. राष्ट्रं म्हटलं. दुसरे लोक."

"दुसरे लोक त्याचा नाव कवा घेतात? कोन म्हसोबाचा घेतो, कोन पिराचा घेतो. नबीला ठावं नव्हता काय?"

"मोठे मोठे लोक यावर भांडलेत, एलोजी. एक म्हणतो, पुढे होणार. एक म्हणतो, त्यांना पण माहीत, सगळ्यांच्या वर एक मोठा आहे."

"मंग खरा कंचा?"

"तुम्ही वरचं वाचा, खालचं वाचा. मधलं एकटं वाचू नका. मधलं एकटं वाचला की सगळ्यांना गोड लागते."

मिशनवाल्यांनी छापलेलं मराठी पुस्तक त्यांनी खूण घालून दिलं. ते तसंच कोनाड्यात पडलं होतं. गुरुवारी पोशी तांब्या घेऊन गेली आणि दिवेलागणीला एलोजीनं ते काढलं. बायको सिगुलाबाई तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नसे. ऐकलेलं मात्र ती कधी विसरत नसे, आणि हे एलोजीला संसारात महागात पडलेलं.

तो मोठ्यानं वाचू लागला. देव आपल्याच मंदिरातल्या याजकांवर, पुजाऱ्यांवर, चिडलाय. आंधळं जनावर आणता, लंगडं आणता, रोगट आणता, आणि विचारता की आम्ही काय अपमान केला? हेच जनावर तुमच्या सुभेदाराकडं नेऊन बघा. तो खूश होईल?

सिगुलाबाईचे हात सुपात थांबले. तिनं कपाटाकडं पाहिलं. वरच्या फळीकडं.

"काय बघतंस?" एलोजी म्हणाला.

"मी कुटं बघतंय? वाचा तुमी."

त्यानं वाचलं. सूर्य उगवतो तिथपासून. मग खालचं. आणि तुम्ही मात्र नाक मुरडता, म्हणता, काय ही कटकट!

"हा तर टोमना हाय," सिगुलाबाई म्हणाली.

"कंचा टोमना? वचन हाय. देवाची थोरवी हाय."

"अवो, तुमची आय अशीच बोलायची. सगल्या गावात माज्या हातच्या सांदनांचा नाव हाय, परकी लोका ताट चाटून पुसून जातात, आनि माज्या घरची सून पानात टाकून उठतंय. ती काय सांदनांची थोरवी सांगायची? मना टोचायची."

"दिवा म्हंजे बोकड हाय काय?" एलोजी एकदम ओरडला.

"दिव्याचा नाव मी काढला?" ती म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली.

शुक्रवारी मशिदीत जायची वेळ झाली. एलोजीनं लोटी घेतली, कपाटाशी गेला, तिथं उभा राहिला. मग भिंतीशी जाऊन काळ्या मडक्यातूनच भरली. आज एकदम बरणी काढली तर सिगुलाबाई बघणार. तिनं बघितलं म्हणजे ती जिंकली. शिवाय आज बरणीतलं घातलं तर इतकी वर्षं काय घातलं, हा प्रश्न उभा राहणार, आणि तो प्रश्न त्याला स्वतःच्या घरात उभा राहिलेला नको होता.

स्टुलावर चढून त्यानं पेला उतरवला. काच आतून काळी. ओल्या फडक्यानं त्यानं पुसली, फडकं काळं झालं. दर शुक्रवारी होई, तो बघत नसे. आज त्यानं मान वर केली. पेल्याच्या वर छताला काजळीचं गोल वर्तुळ धरलं होतं, परातीएवढं. आज्याच्या वेळेपासूनचं. पेल्यातल्या जुन्या पाण्यात तळाशी बोटभर राड साचली होती.

पोशीचा तांब्या त्याच्या डोळ्यांपुढं आला. आणि त्या बाईनं दुपार दारात उकिडवी बसून काढली होती, ते.

घर शंभर पावलांवर होतं. सूर्य अजून ताडाच्या शेंड्यावर होता. जाऊन येता आलं असतं. पण मुकादम दारात येऊन उभे राहिले होते, हातात हात गुंफून.

"एलोजी, आज लय येल लागला रं? वात गावंना काय?"

"गावली," एलोजी म्हणाला आणि लोटीतलं तेल पेल्यात ओतलं. वात पेटवली. ती तडतडली. शब्बाथ, शनिवारचा विसावा, लागला. आता उद्या तारे दिसेपर्यंत त्या आगीला कुणाला हात लावता येणार नव्हता. मुकादमालाही नाही, त्यालाही नाही.

शनिवारी मशीद भरली होती. बायका वरच्या सज्जात. एलोजीनं उतारा खडखडीत वाचला, कुठं अडखळला नाही. सज्जातून सिगुलाबाईचा खोकला ऐकू आला, म्हणजे बरं वाचलं. पोथी मिटली. हझानांनी मान हलवली.

जुळवलेलं भाषण तयार होतं. एडन, बसरा, दोन बैल. डोक्यावर दिवा फडफडत होता. एक काजळीचा कण उडून त्याच्या पांढऱ्या शालीवर बसला. तो बोटानं पुसायला गेला, तर कण पसरला.

"मी समजलो व्हतो," तो म्हणाला, "का देव आपली बढाई सांगतंय. तसा नाय. देव आपल्याला टोमना मारतंय. सगल्या दुनियेत माजा मान हाय, बोलतंय. उगवतीला हाय, मावलतीला हाय. परके लोका चोख आनतात. आनि तुमी, माज्या घरची मानसा, लंगडा बोकड आनता."

"बरोबर," हझान पुटपुटले.

"मी इचारला, परके लोका त्याचा नाव कवा घेतात? तर परवा पोशी आगरीन आयली व्हती. देवीच्या दिव्याला तिनं वरचा तेल नेला, गढूल आपल्या डोक्याला ठेवला."

"मशिदीत देवीचा नाव?" मुकादम अर्धे उठले. "हझान, हे चालतं तुमाला?"

"बोलू द्या," हझान म्हणाले. पण त्यांचाही चेहरा आंबट झाला होता. "एलोजी, ती मूर्ती आहे. मूर्तीला देवाचं नाव नाही लावता येणार."

"मी लावत नाय. ती कोनाचा नाव घेतंय, तेल कुटं पोचतंय, ते मना ठावं नाय. ते नबीला इचारा. ती काय घेऊन गेली तेवढा मी बघितला." त्यानं बोट वर केलं. "आता वर बघा. समद्यांनी."

सगळ्यांनी पाहिलं. दिवा तडतडला.

"यो मी भरला. काल. तलातल्या तेलानं. काल मना वचन कलला व्हता, तरी तलातलाच भरला. बारा वर्सा भरतंय. त्याच्या आधी बापानं भरला, ज्याचा आज दिस हाय. मामलेदाराला बरनीतला जातो. दुनियाभर त्याचा नाव मोठा हाय, ते खरा हाय. बारीक झाला असंल तर एका ह्या पेल्यात झाला." मग तो म्हणाला, "एवढाच कलला मना."

आणि तो जाऊन आपल्या जागेवर बसला.

 मागच्या बाकावर एकजण हसला आणि मग खोकल्याचं नाटक केलं. हझानांनी पुढली प्रार्थना जरा लवकरच सुरू केली.

तारे दिसल्यावर मुकादमांनी अंगणात चार जाणत्यांना थांबवून घेतलं. फार वेळ लागला नाही. दिव्याचा मान आता एका घराचा राहणार नाही. नऊ घाणे, प्रत्येकाला एक महिना. पहिला महिना मुकादमांचा. शेवटचा एलोजीचा.

"आठ महिने तेल निवलायला मिलतील तुला," मुकादम म्हणाले. "चांगला नितल व्हईल."

एलोजीनं मान डोलावली. हझान त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले.

"अर्थ तुम्ही बरोबर सांगितला. मूर्तीचं सोडून. पण एलोजी, बापाच्या दिवशी बापाला मध्ये आणायची गरज नव्हती."

"दुसऱ्या दिवशी वचन दुसरा असता, हझान."

 हझानांनी त्याच्या शालीवरचा काळा डाग नखानं खरवडून पाहिला. निघाला नाही.

घरी सिगुलाबाई भांडी आपटत होती. सज्जात बायकांनी तिच्याकडं कसं पाहिलं, ते ती जन्मभर विसरणार नव्हती, आणि तसं तिनं सांगितलंही.

"तुमच्या आज्यानं मिलवला. बापानं संभालला. तुमी चार वाक्यात घालवलात. तोंड गप ठेवून पुढल्या शुक्रवारपासून बरनीतला भरला असता तर कोनाला कलला असता?"

"तुला."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी कोनाला सांगितला असता?"

"पुढल्या भांडनात मनाच सांगितला असता."

हे खरं असल्यामुळं तिला राग आला आणि थोडं हसूही. तिनं त्याच्या पानात भात वाढला, नेहमीपेक्षा एक उलथनं कमी.

रविवारी उजाडता उजाडता एलोजीनं भिंतीशी जाऊन काळं मडकं उचललं. उरलेलं तेल घाण्याच्या कण्याला घातलं, राहिलं ते बैलाच्या शिंगांना आणि खुरांना चोळलं. रिकामं मडकं त्यानं अंगणात ठेवलं.

"फोडताव काय आता?" दारातून सिगुलाबाईनं विचारलं. "फोडू नका. चांगला मडका हाय. चिंच भरीन मी."

"भर."

"आनि आता पुढं भांड्यांचे तल कुटं वतायचे?"

"घरातल्या दिव्याला. आपल्याला काय कलतंय?"

"आनि बरनी?"

"आठ महिन्यांनी लागंल. तवर मामलेदाराला खाऊ दे."

ती आत गेली. एलोजीनं खोबऱ्याचे तुकडे उखळीत टाकले, हातानं सारखे केले. बैलाला जुंपलं. झापडं बांधायला खुंटीवरून काढली, तशी क्षणभर हातात धरून राहिला. बैल मान वळवून त्याच्याकडं बघत होता. पण उघड्या डोळ्यांचा बैल चार फेऱ्यांत घेरी येऊन बसतो, हे एलोजीला चांगलं माहीत होतं. त्यानं झापडं बांधली, गाठ ओढून पाहिली, चुचकारलं. घाण्याची लाट करकरली आणि फिरू लागली, आणि तिच्यामागून तो, जरा डावीकडे झुकून.